सईच्या मापाचा अंतराळवीर

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला आमच्या दारावर टकटक व्हायची. दारात काका. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, पायात दोन वेगवेगळ्या रंगांचे जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, कारण दोन्ही जोड्यांतला एकेक तुटलेला आणि उरलेले टाकून देणं म्हणजे पाप. माझ्याकडे न बघता ते विचारायचे, "कँडिडेट तयार आहे का?"

कँडिडेट म्हणजे माझी मुलगी सई. ती पाच वर्षांची असताना आम्ही टाकानिनी या उपनगरात काकांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. त्या वर्षापासून दर सप्टेंबरला ते तिला गॅरेजमध्ये नेत, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करत, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरत आणि लाकडावर रेघ मारत. मग खांदे, हात, कंबर, तळपाय. घराण्यातल्या लग्नाचं शिवणसुद्धा कुणी इतक्या गांभीर्याने घेत नसेल. आणि हे सगळं कशासाठी, तर ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनला पोरं दारोदार गोळ्या मागत फिरतात, त्या दिवशी सईला अंतराळवीर करायचं म्हणून.

काका मूळचे पुण्याचे. इथून तासाभरावरच्या हॅमिल्टनला दुधाच्या कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांची नोकरी झाली. काम काय, तर दोन पाइप जिथे जोडले जातात तिथून दूध गळू नये म्हणून जी रबरी कडी बसवतात, ती. जन्मभर माणसाने कड्याच केल्या. त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं एकच उत्तर असायचं, "गळती पत्र्यातून होत नाही गं, सांध्यातून होते." माझ्या ऑफिसातल्या कटकटी ऐकून ते हेच म्हणत, आमच्या न्हाणीघरातला नळ ठिबकला तरी हेच म्हणत. नळाच्या बाबतीत ते खरं निघालं.

तरुणपणी त्यांनी अंतराळ संशोधनातल्या नोकरीसाठी अर्ज केला होता. पुढे काय झालं याच्या तीन हकिकती होत्या. एकीत वडिलांनी पत्र फाडलं, दुसरीत मुलाखतीच्या दिवशी कावीळ झाली, तिसरीत त्यांनी स्वतःच नकार दिला. मी एकदा म्हटलं, काका, यातली खरी कुठली? ते म्हणाले, ज्या दिवशी ऐकशील त्या दिवशीची.

हॅलोविनच्या भुताखेतांचा मात्र त्यांना मनापासून राग. एक तर इथे, दक्षिण गोलार्धात, तो सण येतो वसंतात. घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली, संध्याकाळी सात वाजता लख्ख ऊन, आणि त्या उन्हात घामाघूम झालेले सांगाडे नि चेटकिणी फिरतायत, हे दृश्य त्यांना बघवायचं नाही. मेलेल्यांची सोंगं जिवंत लेकरांना कशाला द्यायची, असं ते म्हणत. अंतराळवीर व्हावं माणसाने. कारण जगात तेवढा एकच प्रवासी असा आहे की ज्याला पाठवण्याआधी शंभर माणसं तो परत कसा येईल याचा विचार करत बसलेली असतात.

रंगाऱ्यांचे पांढरे ओव्हरऑल आणून ते सूट शिवत. पाठीवर डबा, त्याला कपड्यांच्या ड्रायरची चंदेरी नळी. फुग्यावर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून केलेलं हेल्मेट. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा पोरांना तरी दर वर्षी सूट मिळायचा. समोरच्या माओरी आजीबाई आपली दोन नातवंडं घेऊन "किया ओरा, कॅप्टन" म्हणत यायच्या, आणि काका कपाळाला हात लावून सलाम ठोकायचे.

पण त्यांच्या सुटांत काही विचित्र गोष्टी होत्या. हेल्मेटला काच नसायची. पोरं कुरकुरायची, खऱ्या हेल्मेटला तर असते. काका म्हणत, आपल्या मिशनवर हवा आहे, काच कशाला? दुसरं म्हणजे प्रत्येक सुटाच्या पुढच्या बाजूला गळ्यापासून पायापर्यंत एक लाल पट्टी. तिचं टोक ओढलं की सबंध सूट केळ्याच्या सालीसारखा सुटून खाली पडायचा. ही चाचणी ते प्रत्येक पोरावर घड्याळ लावून घेत. दोन सेकंदांच्या वर वेळ लागला की सूट नापास, पुन्हा शिवणयंत्राखाली. पास झाला की अतिशय गंभीर चेहऱ्याने म्हणत, "स्वीट अ‍ॅज." 'एकदम झकास' म्हणायला इथली पोरं वापरतात ते शब्द त्यांच्या तोंडी ऐकून मी दर वेळी हसायची.

तिसरी गोष्ट म्हणजे चेकलिस्ट. गेटबाहेर पडण्याआधी पोरांना ती ओरडून म्हणावी लागे. शू केली? केली. पाणी प्यायलं? प्यायलं. कुणी दिलेलं काही खाणार? नाही. पाकिटावरचं वाचल्याशिवाय? नाही. मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय? नाही. मग काका प्रत्येकाच्या हातमोज्यावर चिमूटभर साखर ठेवत आणि मोहीम सुटायची.

मला हे सगळं एका सज्जन म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे चाचण्यांचं वेड असलेला माणूस भेटला याची गंमतही वाटायची. इथल्या पूर्व किनाऱ्यावरून रॉकेटं उडतात. अशा एका उड्डाणाला त्यांनी गल्लीतल्या सगळ्या पोरांना गॅरेजमध्ये लॅपटॉपसमोर बसवलं होतं. उलटी मोजणी सुरू झाली, पोरं ओरडू लागली, आणि अगदी शेवटच्या क्षणी मोजणी थांबली. वाऱ्यामुळे उड्डाण रद्द. पोरांचे चेहरे पडले. काका मात्र उठून टाळ्या वाजवायला लागले. थांबवलं, शहाण्यांनी वेळेवर थांबवलं, असं म्हणत त्यांनी सगळ्यांना साखर वाटली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला वाटलं, वय झालं की माणूस हळवा होतो.

सई सात वर्षांची झाली त्या हॅलोविनला मी शहाणपणा केला. आपल्याकडे कुणी परीक्षेला किंवा लांबच्या प्रवासाला निघालं की हातावर दही-साखर ठेवतात. काका नुसतीच साखर ठेवतात, तर एकटा माणूस, दही विरजायचा कंटाळा करत असेल, असं मला वाटलं. मी घरच्या दह्याची वाटी घेऊन गेले. पोरं रांगेत उभी होती. चमचा पहिल्या हातमोज्याजवळ नेला, तर काकांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुखलं. त्यांनी वाटी काढून घेतली, गॅरेजमधल्या सिंकमध्ये ओतली, वाटी तीनदा धुतली, चमचा तीनदा धुतला, मग स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले. मी अपमानाने लाल झाले होते आणि मनात म्हणत होते, पुढच्या महिन्यात दुसरं घर बघायचं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. पायरीवर बसले आणि अंगणातल्या गवताकडे बघत त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्यांना एक मुलगी आणि एक नात. नातीचं नाव इरा, आमच्या सईच्याच वयाची. पत्नी गेल्यावर काका हॅमिल्टनलाच मुलीकडे राहत होते. इराला दुधाची अ‍ॅलर्जी होती, हे घरात सगळ्यांना माहीत, काकांनाही माहीत. इरा चार वर्षांची असताना त्यांनी तिच्यासाठी पहिला अंतराळवीराचा सूट शिवला. त्या वेळी हेल्मेटला काच होती. पाठीवर अठरा बटणं होती आणि बटणांवरून टेप. कड्या करणाऱ्या माणसाचा सूट तो, आत हवासुद्धा शिरू नये असा. सूट चढवला आणि निघताना त्यांनी तिला हातावर दही-साखर दिली.

"दूध नको म्हणाले होते," काका म्हणाले. "मला वाटलं, विरजलं की दुधातला दोष जातो. लहानपणापासून तेच ऐकलेलं. शिवाय मी जन्मभर दुधातला माणूस. मला कोण शिकवणार?"

गेटपर्यंत पोचेतो इराला धाप लागली. काच आतून वाफेने धूसर झाली, चेहरा दिसेना. ती हेल्मेटमध्ये मोठमोठ्याने श्वास घेत होती आणि घरचे हसत होते, कारण त्यांना वाटलं, पोरगी अंतराळवीराचा आवाज काढतेय. अशा वेळी टोचायचं इंजेक्शन मुलीच्या पर्समध्ये होतं, पण त्या जाड अस्तरातून सुई जाईना. बटणं निघेनात. कात्री सापडेना. शेवटी मुलीने सूट दातांनी फाडला.

इरा वाचली. दोन दिवसांत हॉस्पिटलमधून घरी आली. मुलगी बापाला टाकून बोलली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, बाबा, मला थोडा वेळ द्या, मी फोन करेपर्यंत तुम्ही करू नका. काकांनी शब्द दिला, टाकानिनीत घर घेतलं आणि फोनची वाट बघू लागले. दिवाळीला तिचा एका ओळीचा मेसेज यायचा, शुभ दीपावली बाबा. तेवढाच.

मग त्यांनी मला गॅरेजमधलं कपाट उघडून दाखवलं. आत तीन सूट टांगलेले होते. पाच वर्षांचा, सहाचा, सातचा. दर वर्षी ते एका मापाचे दोन सूट शिवत होते, एक सईला आणि एक इराला. इरा कधीही येईल, आली की अंगाला बसला पाहिजे. तिचं माप घ्यायची सोय नाही, म्हणून सईचं घ्यायचे. मी चौकटीजवळ जाऊन पाहिलं. रेघांपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, इरा, आणि कंसात, सईवरून. इतके दिवस मी तिथून ये-जा करत होते आणि एकदाही वाकून वाचलं नव्हतं.

मला त्या दिवशी खूप रडू आलं. घर बघायचा विषय तिथेच संपला.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये काका एक कागद घेऊन आले. त्यावर मुलीचा नंबर. ते म्हणाले, पोरी आता दहा वर्षांच्या झाल्या, या वयात एक झपाट्याने वाढते आणि दुसरी थांबते, आता सईवरून अंदाज नको. "मी शब्द दिलाय, मी फोन करणार नाही. पण तू केलास तर तो माझा फोन नव्हे. बाकी काही बोलू नकोस. फक्त उंची विचार. सेंटिमीटरमध्ये."

मी हो म्हटलं. मेसेज लिहिला आणि खोडला. पुन्हा लिहिला. नमस्कार, मी तुमच्या वडिलांची भाडेकरू. हे वाचून बाईला काय वाटेल? दोन घरांमधल्या भांड्यांच्या आवाजात आपण कशाला हात घालायचा? उलट तिने फोन करून मलाच सुनावलं तर? उद्या करू. शनिवारी निवांत करू. खरं सांगायचं तर निम्मा संकोच होता आणि निम्मा आळस. कागद फ्रिजवर चुंबकाखाली राहिला.

सप्टेंबरचा पहिला रविवार आला. काकांनी कापड पसरलं होतं, हातात खडू होता. त्यांनी विचारलं, काय म्हणाली? आणि मी म्हटलं, "सईएवढीच आहे म्हणाली. एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे."

त्यांनी खडू खाली ठेवला. "म्हणाली? आणखी काय म्हणाली?"

"काही नाही. घाईत होती."

"घाईत होती तरी सांगितलं," काका म्हणाले. वर्षभर ते हे वाक्य घोळवत राहिले. भाजी निवडताना, गवत कापताना, समोरच्या आजीबाईंना मोडक्या इंग्रजीत समजावताना. मुलगी घाईत होती, तरी तिने उंची सांगितली. त्यांच्या चालीत फरक पडला, दोन्ही पायांत एकाच रंगाचे नवे जँडल्स आले. त्या आनंदात सुई टोचायची माझी हिंमत झाली नाही. खरं म्हणजे तो मेसेज मी तेव्हाही पाठवू शकले असते. या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी पुन्हा विचारायला सांगितलं आणि मी पुन्हा तेच केलं. दुसऱ्यांदा खोटं बोलायला पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

सप्टेंबरच्या शेवटी काका गेले. सकाळी अंगणात कोसळले, हॉस्पिटलमध्ये नेलं, संध्याकाळपर्यंत संपलं. फ्रिजवरच्या त्या नंबरवर मी पहिला फोन केला तो असा. अंत्यसंस्काराला मुलगी एकटीच आली. मी तिला किल्ल्या दिल्या.

घर आवरायला ती ऑक्टोबरच्या अखेरीस पुन्हा आली तेव्हा इरा बरोबर होती. गल्लीत भोपळ्यांची चित्रं लागली होती, आमच्या दारात दिवाळीचा आकाशकंदील होता. इरा गाडीतून उतरली आणि मी आधी तिची उंची पाहिली. सईपेक्षा ती चांगलीच उंच होती.

मी त्यांना गॅरेजमध्ये नेलं. मशीनवर सईचा सूट अर्धवट पडला होता, बाह्या जोडायच्या राहिलेल्या. इराचा मात्र पुरा करून कपाटात टांगलेला होता. काकांनी आधी तिचा संपवला होता. मुलीने कपाट उघडलं. सात सूट ओळीने. ती एकेक हँगर सरकवत गेली. मग तिला लाल पट्टी दिसली. तिने टोक धरून ओढलं, सूट क्षणात उलगडून तिच्या पायांवर पडला, आणि ती तिथेच खुर्चीवर बसली. मी चेकलिस्टबद्दल सांगितलं, माझी दह्याची वाटी त्यांनी कशी ओतून दिली ते सांगितलं. साखरेचा डबा दाखवला. त्यावर काकांच्या अक्षरात चिठ्ठी होती, फक्त साखर, पाकीट वाचले आहे. तिने डबा मांडीवर घेतला.

"मी थोडाच वेळ मागितला होता," ती म्हणाली. "मग इतका गेला की फोन काय म्हणून करायचा, ते कळेना."

तेवढ्यात इराने शेवटचा सूट चढवायला घेतला होता. पाय घोट्याच्या खूप वर अडकले, बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपल्या, पुढची पट्टी ओढूनताणून लागली. सई मदत करत होती. "इट्स हीप्स टू स्मॉल, मम," इरा म्हणाली. तिने तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. मग आरशात बघून म्हणाली, "डिड ही थिंक आय वॉज लिटल?"

आई उठली. तिची नजर चौकटीकडे गेली आणि ती खालून वर एकेक ओळ वाचू लागली. इरा, सईवरून. इरा, सईवरून. पाच वेळा. शेवटच्या दोन रेघांपुढे निराळं लिहिलं होतं आणि मीही ते प्रथमच पाहत होते. इरा, आणि कंसात, आईने सांगितले. शेवटच्या रेघेचा आकडा एकशे अडतीस होता.

"मी कधी सांगितलं?" तिने विचारलं.

खोटं बोलायला आता कुणी उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. कागद, खोडलेले मेसेज, ती घाईत होती असं मी काकांना खोटंच सांगितलं ते, आणि त्या एका वाक्यावर काका वर्षभर कसे चालले ते. मला वाटलं, ती आता मला घराबाहेर काढेल, आणि तिने काढावं अशी माझी इच्छाही होती.

ती रागावली नाही. फार हळू म्हणाली, "तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी तर कुणीतरी काहीतरी विचारायचीच वाट बघत होते."

दुसऱ्यांच्या चुका शोधत मी वर्षं काढली. माझी स्वतःची चूक एका मेसेजएवढी होती, आणि तो पाठवला असता तर तो सूट या मुलीच्या अंगाला बसला असता. कदाचित तो घालायला ती आलीही असती, आणि काकांनी दारात उभं राहून तिच्या हातावर साखर ठेवली असती.

इराने सूट उतरवला. लाल पट्टी ओढली, दोन सेकंदांत मोकळी झाली. सई सवयीने म्हणाली, "स्वीट अ‍ॅज," आणि मग तोंडावर हात ठेवला.

आईने इराला चौकटीला पाठ लावून उभं केलं. काकांची फूटपट्टी तिथेच खिळ्याला होती. ती तिने डोक्यावर आडवी धरली, मशीनवरची पेन्सिल मागितली, ती मी दिली. रेघ सगळ्या रेघांच्या खूप वर गेली. टेप लावून तिने दोनदा मोजलं. पुढे लिहिलं, इरा, एकशे बावन्न. मग कंसात लिहिलं, आईने सांगितले.